‘मला फक्त स्लिपा भरता येतात’

नमस्कार ताई,

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. वय ६१. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर आणि उरलेली पासबुकाच्या खिडकीत. मुलगा-सून पुण्याला असतात. मिस्टरांचा दिवस पेपर आणि उपवनच्या फेऱ्यांत छान जातो, माझा जात नाही. कोणाच्या तरी उपयोगी पडावं असं फार वाटतं. मागच्या वर्षी एका ग्रुपबरोबर येऊरच्या पाड्यावर गेले होते. बिस्किटांचे पुडे वाटले, फोटो काढले, परत आलो. तिथल्या एकाही बाईशी धड दोन वाक्यं बोलणं झालं नाही. घरी आल्यावर उगीचच अपराधी वाटत राहिलं.

माझी नणंद मुलींना शिवण शिकवते. शेजारच्या बाई दहावीचं गणित घेतात. एक मैत्रीण म्हणते, अंध मुलांची लेखनिक हो. मला ना शिवता येतं, ना शिकवता. मला फक्त स्लिपा भरता येतात, आणि ते काम आता मशीन आणि मोबाईल करतात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या बाई पासबुक घेऊन आल्या. “ताई, हे पैसे कसले कापले बघा ना.” मी बघून सांगितलं. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. तेव्हापासून मिस्टर म्हणताहेत, “लोकांच्या पैशांच्या भानगडीत पडू नकोस, उद्या काही झालं तर तुझ्या गळ्यात येईल.” त्यांचंही खोटं नाही. पण त्या दोघी मनातून जात नाहीत. मी काय करू?

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

ताई, नमस्कार.

काय करू म्हणून तुम्ही मला विचारताय, पण त्या दोघींनी ते तुम्हाला आधीच सांगितलंय. चार घरची कामं उरकल्यावर, जरा अंग टेकायच्या वेळी एखादी बाई अनोळखी घराचा जिना चढते, ती सहज म्हणून नाही. तिच्या पिशवीत ते पासबुक कित्येक दिवस तसंच पडून असणार. शाखेत विचारावं तर मागे रांग, पुढे काचेआड मान खाली घातलेला माणूस, आणि वाचता येत नाही हे चारचौघांत सांगायची लाज. घरात शिकलेला मुलगा असतो, पण “आई, तुला नाही कळायचं ते” हे त्याचं ठरलेलं उत्तर. तुमच्याकडे तिच्या मैत्रिणीला नीट उत्तर मिळालं, कोणी खेकसलं नाही, एवढ्या भरवशावर त्या आल्या.

उपयोगी पडायचं म्हणजे आपण कुठेतरी जायचं, काहीतरी वाटायचं, नाहीतर एखादी कला शिकवायची, असं आपल्या डोक्यात बसलंय. मला वाटतं, सुरुवात उलट टोकाकडून करावी. लोक आपल्याला आपणहून काय विचारतात ते बघावं. ज्याच्यासाठी कोणी आपलं दार वाजवतं, ते आपल्याला येतं. मग ते आपल्याला कितीही किरकोळ वाटो.

आता ‘मशीन करतं’ याबद्दल. शाखेच्या बाहेरच्या लॉबीतलं पासबुक छापायचं मशीन तुम्ही पाहिलंच असेल. बारकोडचा स्टिकर असला की पासबुक आत जातं, खडखडत ओळी उमटतात, पासबुक बाहेर येतं. पण जे छापलं त्याचा अर्थ ते मशीन सांगत नाही. पूर्वी तुमच्या खिडकीत एन्ट्री मारून घेताना बाई विचारायची, “साहेब, आले का पैसे?” आणि आतून उत्तर यायचं. ती खिडकी गेली आणि ते विचारणंही गेलं. आता पानभर इंग्रजी आद्याक्षरं असतात. डीबीटी, एनईएफटी, एसीएच, एसएमएस चार्जेस. निम्मी ओळ वरच्या ओळीवर चढलेली. ज्या बाईच्या घामाचे ते पैसे, तिला त्यातला फक्त शेवटचा आकडा कळतो, आणि तो कमी का झाला हे कळत नाही. ३४ वर्षं तुम्ही त्या ओळी लिहिल्यात आणि तपासल्यात. मशीन आल्यामुळे तुमचं काम संपलं असं तुम्हाला वाटतंय. मला तर त्याची गरज वाढलेली दिसते.

एक उदाहरण घेते. पासबुकात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापल्याची एक ओळ असते आणि २० रुपये कापल्याची दुसरी. तुम्हाला बघताक्षणी कळेल. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा. दोन्ही योजना मे २०१५मध्ये सुरू झाल्या आणि हे हप्ते जून २०२२पासूनचे आहेत. त्याआधी ते ३३० आणि १२ होते. पहिल्यात मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं उघडताना किंवा कर्ज घेताना कोणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते. घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. पुढे नवरा जातो. दहावं-तेरावं उरकतं. त्याचं पासबुक कपाटात कपड्यांच्या खाली जातं, कारण त्यात शिल्लक दोनशे-तीनशे रुपये, त्याच्यासाठी कोण बँकेत हेलपाटे घालणार! त्या पासबुकातली ४३६ची ओळ कोणी वाचलीच नाही, तर दोन लाख रुपये त्या बाईच्या हक्काचे असूनही तिला कधी मिळत नाहीत.

ही ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात, तुम्हीच लिहिलंय. पुढचं कामही तुमच्या सवयीचं आहे. हप्ता ज्या शाखेतून कापला गेला तिथेच दाव्याचा फॉर्म मिळतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार कार्ड आणि खात्याचा तपशील. दावा शक्य तो तीस दिवसांत करायचा असतो. जास्त दिवस गेले असले तरी आधीच हार मानू नका, शाखेत लेखी अर्ज द्यायला लावा आणि पोच घ्या. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मधल्याच महिन्यात नाव घातलं असेल तर जीवन ज्योतीचा पहिला हप्ता ४३६पेक्षा कमी दिसेल, तेव्हा आकडा जुळला नाही म्हणून ओळ सोडून देऊ नका. आणि एकाच बाईच्या दोन बँकांतल्या खात्यांतून हप्ता जात असेल तर विमा एकच धरला जातो, दुसरे पैसे फुकट जातात. कामवाल्या बायकांची दोन-दोन खाती फार असतात. एक कधीतरी मालकिणीने काढून दिलेलं, एक जनधनचं.

दोन खात्यांवरून दुसरी गोष्ट. “लाडकी बहीणचे पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत” ही तक्रार तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात येईल. पुष्कळदा पैसे आलेले असतात, पण भलत्या खात्यात. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून जात नाही, आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडलं गेलं तिथे जातो. म्हणजे बाई एका बँकेत चकरा मारते आणि पैसे दुसऱ्या बँकेतल्या विसरलेल्या खात्यात साठत असतात. आधार कुठे जोडलंय हे आधारच्या वेबसाईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. त्यासाठी तिच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो तिने स्वतः टाकायचा, तिच्याच फोनवर. का, ते पुढे सांगते.

जुन्या बँकांचं तर तुमच्यासारखं कोणालाच माहीत नसतं. सासूच्या ट्रंकेत देना बँकेचं पासबुक सापडतं, पोरं म्हणतात ती बँकच आता नाही, टाकून दे. तुम्हाला माहीत आहे की देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात गेली आणि खातं तिकडे आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात, तरी वारसांचा हक्क जात नाही. २०२३पासून ‘उद्गम’ नावाच्या पोर्टलवर नाव टाकून त्या शोधताही येतात. आणि दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं खातं पुन्हा सुरू करायला बँकेला पैसे घेता येत नाहीत, हेही सांगत चला. कारण “दंड भरावा लागेल” या भीतीने बायका त्या खात्याकडे फिरकत नाहीत.

तुमच्या बाईंचे पैसे कसले कापले होते ते तुम्ही लिहिलं नाहीत. कमी शिल्लक राहिल्याचे असतील तर साधं बचत खातं शून्य शिल्लकीच्या मूलभूत खात्यात बदलून घेता येतं. अर्ज करायला सांगा. फक्त त्याच बँकेत तिचं दुसरं बचत खातं नसावं.

आता मिस्टरांची काळजी. ती रास्त आहे आणि मी ती बाजूला सारणार नाही. पैशाच्या कामात विश्वास पटकन बसतो आणि एका संशयाने जातो. म्हणून काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा, अगदी हट्टाने. कोणाचाही पिन किंवा ओटीपी ऐकायचा नाही. त्या विश्वासाने सांगायला लागल्या तरी हात वर करून थांबवा. एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही. पासबुक रात्रभर घरी ठेवून घ्यायचं नाही, “नंतर निवांत बघते” असंसुद्धा नाही. कोणाचं बँकिंग तुमच्या फोनवर उघडायचं नाही, कोणाच्या आधारचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये राहू द्यायचा नाही. रोकड तर शिवायचीच नाही, “ताई, तुम्ही जाताय ना बँकेत, एवढे भरा” असं म्हटलं तरी. बसायचं ते उघड्यावर, दोन-चार माणसं ये-जा करतात अशा जागी. एकटीने, दार लावून कधीच नाही.

“हे पैसे कुठे ठेवू?” असं विचारतील. तिथे थांबा. तुम्ही सल्लागार नाही. खाजगी भिशी, महिन्याला दहा टक्के देणारा कोणी, दामदुप्पट, याबद्दल मात्र गप्प राहू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, दारावर येणाऱ्या माणसाकडे दिलेल्या पैशाला काहीही नसतं, एवढं स्पष्ट सांगा. सहकारी बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला बुडालेल्या ठेवींचं दुःख मी काय सांगू!

आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. “हे मला ठाऊक नाही, आपण शाखेत विचारू” हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकून त्यांचा तुमच्यावरचा विश्वास कमी होणार नाही. शाखेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ या नंबरवर त्याची माहिती मिळते. कोणी फोनवर फसवणूक झाल्यावर रडत आली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, मग बँकेला, मग बाकी सगळं. जितका फोन लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. “तू दिलासच कशाला नंबर?” हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. तिने तो स्वतःला शंभरदा विचारलेला असतो.

याहून मोठी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची. स्लिप भरून देऊ नका. तिच्याकडून भरून घ्या.

तुमचा हात सराईत आहे, दहा सेकंदांत स्लिप भरून तिच्या हातात ठेवाल. ती खूष होऊन जाईल आणि पुढच्या महिन्यात परत येईल, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग तुम्ही आजारी पडलात, पुण्याला मुलाकडे गेलात की ती पुन्हा लॉबीत कोणाला तरी विनवत उभी. कित्येक बायकांना सही येते. तेवढी शिकवलेली असते. नाव आणि खाते क्रमांकही पासबुकात बघून बघून उतरवतात. अडतं ते ‘अक्षरी रुपये’ या ओळीशी. तिथे हात थांबतो आणि त्या मागे वळून बघतात, कोण भरून देईल.

म्हणून तिथूनच सुरुवात करा. सगळी अंकलिपी नको. तिला विचारा, तू दर महिन्याला किती काढतेस? पाचशे, हजार, दीड हजार, दोन हजार. बहुतेकींची गाडी या चार-पाच आकड्यांतच फिरते. तेवढेच शब्द मराठीत, मोठ्या अक्षरात, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून द्या. ‘एक हजार पाचशे फक्त’. त्या ‘फक्त’चं कारणही सांगा, पुढे कोणाला काही घुसडता येऊ नये म्हणून. माणसाला कारण कळलं की शब्द लक्षात राहतो. आकडा चौकटीत लिहिताना डावीकडे जागा सोडायची नाही, का, तेही. बँकेतून कोऱ्या स्लिपा आणून ठेवा आणि त्यांच्यावरच सराव करू द्या, कारण वहीच्या ओळीत लिहिणं वेगळं आणि त्या एवढ्याशा जागेत बसवणं वेगळं. पहिल्यांदा ‘हजार’मधला ‘जा’ कागदाबाहेर जाईल. जाऊ दे. तुमचा पेन तिच्या कागदाला लागता कामा नये. दुरुस्त करायचा मोह तुम्हाला फार होईल, आयुष्यभर खाडाखोड झालेल्या स्लिपा परत केल्यात तुम्ही! पण हात मांडीवर ठेवा. ज्या दिवशी ती काउंटरवर स्वतः भरलेली स्लिप देईल आणि आतला माणूस काही न बोलता नोटा मोजायला घेईल, त्या दिवशीचं तिचं चालणं वेगळं असेल. ती तुम्हाला सांगायलाही येईल, खात्री बाळगा.

जागा आणि वेळ. तुमच्या सोयीची धरू नका. घरकाम करणाऱ्या बायका सकाळची कामं उरकून दोन-अडीचला मोकळ्या होतात आणि पाचला पुन्हा संध्याकाळच्या घरांत. मधला तास-दीड तास हाच त्यांचा. म्हणजे तुमची वामकुक्षी जाणार. बुधवार म्हणा, तीन ते साडेचार. शाखेत जाऊन करायचं काही निघालं तर गुरुवार-शुक्रवार हातात राहतो, दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या सुट्टीची भानगड येत नाही. जागा तुमच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेरचं बाकडं चालेल. ते बायकांना संकोचाचं वाटत असेल, वॉचमन हटकत असेल, तर तुम्हीच लोकमान्यनगर किंवा किसननगरकडे जा. तिथे बचत गटांच्या बैठका होतात, अंगणवाड्या दुपारी रिकाम्या असतात. ताईंना विचारून परवानगी घ्या. बचत गटाची वही एकदा तुमच्या नजरेखालून गेली तर तिथेही तुमची गरज दिसेल. पण ते लगेच अंगावर घेऊ नका.

एकच वार ठरवा आणि तो चुकवू नका. कोणीही आलं नाही तरी साडेचारपर्यंत बसा. पहिले काही बुधवार असेच जातील. लोकांना मदत मिळत नाही असं नाही. मदत शिबिरांची येते, मंडप घालून, आणि मंडप सुटला की जाते. दर बुधवारी तीच बाई त्याच बाकड्यावर बसलेली आहे, ही गोष्ट गरिबाच्या आयुष्यात फार क्वचित घडते. याच्यापुढे तुमचा कायदा कच्चा असला, मोबाईल कमी येत असला तरी चालेल. मोबाईलचं तर त्याच तुम्हाला शिकवतील. भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर लागलेला आहे, स्पीकर बोलतो. तिला विचारा, कसं वापरतेस? शिका तिच्याकडून. त्या कधी मेथीची जुडी आणतील, कधी सणाला ताटात झाकून काहीतरी. “कशाला उगीच” म्हणून परत करू नका. घेणारा नेहमी घेणाराच राहिला तर एक दिवस तो यायचा थांबतो.

मिस्टरांना विरोधात ठेवू नका, कामाला लावा. वारस नोंदवायचा फॉर्म भरताना सही असेल तर साक्षीदार लागत नाही, पण अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात. एक तुम्ही, दुसरे ते. पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असा शिक्का किंवा छापील ओळ आहे का, हे बघायचं काम त्यांच्याकडे द्या. नसलेलीच जास्त सापडतील. १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार जणांपर्यंत वारस लावता येतात. दोन मुली असलेल्या बाईला हे ऐकून केवढं बरं वाटतं! त्यांच्या पेपर वाचण्याचाही उपयोग आहे. बँकांचं एकत्रीकरण, केवायसीच्या तारखा, असं काही आलं की कात्रण ठेवतील. शेजारी दुसरं माणूस असावं हा तुमचा नियमही त्यातच पाळला जाईल, आणि काय चाललंय ते डोळ्यांनी दिसलं की त्यांची धास्ती उतरेल.

लेखनिकाबद्दल मैत्रिणीने सुचवलं ते चांगल्या मनाने, पण तुमच्या बाबतीत ते बसणार नाही. परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा कमी असावं असा साधारण नियम असतो, म्हणून दहावीच्या मुलाला खालच्या इयत्तेतलं मूल लेखनिक लागतं. पदवीधर बाई चालत नाही. वाचून दाखवायला मात्र कोणीही चालतं, पाठ्यपुस्तकाचे धडे स्वच्छ उच्चारात फोनवर रेकॉर्ड करून द्यायला चालतं. आवाज आणि सवड असेल तर मैत्रिणीने स्वतः ते जरूर करावं.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही दोन ओळी, कारण अशा आशयाची पत्रं मला वरचेवर येतात. कोपरखैरणेच्या एका निवृत्त साईट सुपरवायझरांनी विचारलं होतं, मला काय येतं? त्यांना मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाची भाषा येते, आणि ठेकेदाराची पण. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मजूर अडतो नेमका तिथे. तो मिळवायला कोणाकडे जायचं, काय मागायचं, हे या गृहस्थांइतकं कोणाला कळणार? कळव्याच्या पालिका रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत गोंधळलेली माणसं रोज दिसतात. सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या कोणालाही पाच मिनिटांत कळतं की कोणाला कुठल्या खिडकीवर पाठवायचं. हे सगळे लोक मला लिहितात, “विशेष काही येत नाही.”

येऊरचं मनाला लावून घेऊ नका. पाड्यावरच्या बायकांकडेही पासबुकं आहेत, आणि एखाद्या दिवशी तुमच्या बुधवारची कोणीतरी तिकडची ओळखीची निघेल. तेव्हा तिच्याबरोबर जा, तिच्या घरी बसा, तिच्या वळचणीला पासबुक उघडा. ग्रुप नको, आणि फोटो तर कुठेच नको. बुधवारीसुद्धा नको. पासबुकाचं पान म्हणजे माणसाची उघडी झाकली गोष्ट, ती कॅमेऱ्यापुढे कोणाला दाखवायची नसते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातला बुधवार एकाच कामासाठी राखून ठेवा. विम्याचे हप्ते २५ ते ३१ मेच्या दरम्यान कापले जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत बायका पोरांना घेऊन गावी गेलेल्या असतात. खातं रिकामं असतं, हप्ता जात नाही, विमा सुटतो, आणि कोणाला कळतसुद्धा नाही. तेव्हा गाडी पकडायच्या आधी प्रत्येकीने खात्यात ४५६ रुपये ठेवलेत का, एवढं बघा. ज्यांचं वय पन्नासच्या पुढे आहे आणि आधीपासून नाव नाही त्यांना जीवन ज्योती मिळणार नाही, पण वीस रुपयांचा अपघात विमा सत्तरीपर्यंत मिळतो, त्यांच्यासाठी वीसच पुरेत. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्या परत येतील. तेव्हा मशीनवर पासबुक छापून घेऊन यायला सांगा, आणि ती ओळ या वेळी त्यांनाच शोधू द्या.